तिसरा नको

आमच्या घरात जेवताना पहिला 'नको' कुणी मनावर घेत नसे. बाबा तर पोटात कावळे ओरडत असले तरी नकोच म्हणायचे. आई आमटीची पळी हवेत धरून उभी राहायची. "वाढू थोडी?" "नको." "अर्धी पळी?" "नको गं." "आता एवढीशी कुणासाठी ठेवू?" मग बाबा वाटी पुढे सरकवायचे. आईचं म्हणणं असं, की यांचा पहिला नको सवयीचा, दुसरा संकोचाचा, आणि तिसऱ्यांदा जे म्हणतील ते खरं धरायचं. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही, पण मी ते चालायला शिकावं तसं शिकले.

बाबा सांगलीकडून बेंगळुरूला आले ते सरकारी विमान कारखान्यातल्या नोकरीसाठी. नवीन असताना चामराजपेटेतल्या एका सहकाऱ्याने त्यांना जेवायला बोलावलं. यजमानांनी भाताचं पातेलं हातात घेऊन थोडा भात वाढू का, असं कन्नडात विचारलं, "स्वल्प अन्न हाकला?" बाबा रीतीप्रमाणे "बेड", म्हणजे नको, म्हणाले. यजमान "सरी" म्हणाले आणि पातेलं आत गेलं. बाबा घरी येऊन गार पोळी गुळाशी खात बसले, तेव्हा आईने विचारलं, "त्यांनी विचारलं नाही का?"

"विचारलं की. एकदा."

"एकदाच!" आई म्हणाली, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे कुणी काही वाढायला विसरलं की 'चामराजपेट झालं' असं म्हणायची पद्धत पडली. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. जयनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मग मी आणि बाबा दोघंच उरलो, आणि पळी माझ्या हातात आली.

मी तत्त्वज्ञान शिकवते. हेब्बाळच्या पलीकडे एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना मन आणि शरीर हा विषय वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. मन ही एक वस्तू आणि शरीर ही दुसरी, असं मानणारे द्वैतवादी एका बाजूला. मन म्हणून जे काही आहे ते या देहातच आहे, मेंदूच्या बाहेर त्याचं वेगळं बिऱ्हाड नाही, असं म्हणणारे भौतिकवादी दुसऱ्या बाजूला. मी दोन्ही बाजू नीट मांडते आणि स्वतः कुठे उभी आहे ते सांगत नाही. मुलांना वाटतं मॅडम निःपक्षपाती आहेत. खरं म्हणजे मी ठरवण्याचा कंटाळा केला होता.

बाबांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. कारखान्यात त्यांचं काम विमानातल्या तारांचं. शेकडो तारांचे जुडगे, प्रत्येक तारेला क्रमांक, प्रत्येक जोडणीला पिनांचे क्रमांक, आणि कागदावर नसलेली एकही तार विमानात असता कामा नये. रविवारी दुपारी चहा घेताना मी मुद्दाम त्यांना डिवचायची. हात वर कर असं मन सांगतं आणि हात वर होतो, मग मन काहीतरी वेगळं नाही का?

"सांगतं ना? मग कुठेतरी जोडलेलं असणार," बाबा म्हणायचे. "कुठल्या पिनवर?"

"मन म्हणजे तार नव्हे, बाबा. मेंदू नुसता रेडिओ असेल आणि गाणं बाहेरून येत असेल तर?"

"रेडिओ बिघडला तर खरखर येईल. गाणारी बाई शब्द विसरेल का? आपल्या खालच्या मजल्यावरचे काका डोक्याला मार लागल्यावर बायकोचं नाव विसरले. रेडिओ पडला आणि बाई गाणं विसरली, असं झालं ते."

इथे माझ्याकडे एक हुकमी पत्ता असायचा. "आणि हापूसची चव? तुमच्या अख्ख्या नकाशात ती कुठल्या तारेवर आहे?"

बाबा कप खाली ठेवून विचार करायचे. हरले की मात्र सरळ कबूल करायचे, हा त्यांचा मोठा गुण. "ते मला माहीत नाही अजून. पण मला माहीत नाही म्हणजे तिथे भूत बसलंय असं होत नाही." आणि चहा आणखी हवा का विचारलं की नको म्हणायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी बाबा बाथरूममध्ये पडले. हेब्बाळच्या बाजूच्या हॉस्पिटलात नेलं. अतिदक्षता विभागात तोंडातून घशात नळी, श्वासाचं यंत्र, उघडे डोळे, आणि बाकी सगळं अंग गाठोड्यासारखं निपचित. पहिले चार दिवस जो तो मला समजावत होता की त्यांना काही कळत नाही. सुई टोचताना एक परिचारिका मायेने म्हणाली, "मॅडम, त्यांना दुखत नाही. बघा, हलले पण नाहीत."

दुखणं म्हणजे विव्हळणं, हात आखडून घेणं, बाकी आत काही नाही, असं म्हणणारे भौतिकवादी एके काळी होऊन गेले. हा धडा मी दर वर्षी अर्ध्या तासात निकालात काढते. ज्याला दुखतं पण हलता येत नाही अशा माणसाचं उदाहरण देते आणि मुलं वहीत उतरवून घेतात. ते उदाहरण आता माझ्यासमोर पडलं होतं. सुई आत गेली तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते बघितलं आणि कुणालाच पटवू शकले नाही.

पाचव्या दिवशी मेंदूच्या डॉक्टर आल्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, शांत बाई. त्यांनी बाबांच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि हळूहळू वर नेलं. डोळे वर गेले. खाली आणलं, डोळे खाली आले. मग त्या वाकून म्हणाल्या, "अंकल, मी म्हणते ते कळत असेल तर डोळे वर करा." डोळे वर गेले आणि तिथेच राहिले.

"ते आत आहेत," डॉक्टर मला म्हणाल्या.

मेंदूच्या तळाशी अंगठ्याएवढा जाड एक भाग असतो. वरून खाली जाणारे सगळे हुकूम त्यातून जातात. नेमका तिथला रक्तपुरवठा तुटला होता. वरचं सगळं शाबूत, खालचंही शाबूत, मधला रस्ता बंद. फक्त डोळे वर-खाली करायचे आणि पापण्या मिटायच्या, एवढंच उरलं होतं. मी बाबांचा हात धरून रडले. त्या क्षणी मला आनंद झाला होता, हे आज लिहिताना लाज वाटते. पाच दिवस ते तिथे सगळं ऐकत पडून होते, आणि मी खूश झाले की ते आत आहेत.

डोळे वर म्हणजे हो, पापण्या घट्ट मिटल्या म्हणजे नाही, असं ठरलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नव्हती. गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी आणि पोटाला छिद्र पाडून अन्नासाठी नळी, हे केलं तर बाबा असेच बरेच दिवस राहू शकतील. नको असेल तर नळी काढून त्रास होणार नाही एवढी काळजी घ्यायची, मग थोडेच दिवस. हालचाल परत येण्याची आशा डॉक्टरांना जवळजवळ वाटत नव्हती. "त्यांना विचार करता येतो. त्यांचा निर्णय त्यांनाच घेऊ द्या," त्या म्हणाल्या. "घरच्या भाषेत नीट समजावून विचारा. मी चारला येते."

मी खुर्ची ओढून बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं, छिद्रं, नळ्या, आशा नाही हेसुद्धा. मग विचारलं, "बाबा, करायचं का हे?"

बाबांनी पापण्या मिटल्या. घट्ट. उघडल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मला तो नको दिसलाच नाही असं नाही. दिसला, आणि मी तो बाजूला सारला. मनात म्हटलं, हा थकलेला मेंदू बोलतोय. आठवडाभर झोप नाही, अंगात औषधं, घशात नळी, असा देह आणखी काय म्हणणार? आतले बाबा, खरे बाबा, असं म्हणणार नाहीत. मी परत सगळं सांगितलं, या वेळी जरा गोड करून. घरी नेईन म्हटलं. रेडिओवर क्रिकेट लावीन म्हटलं. "करू या ना?"

पापण्या परत मिटल्या.

मग मी रडायला लागले. त्यांच्या हातावर डोकं ठेवून म्हटलं, "बाबा, आई गेली, आता तुम्ही. मी एकटी काय करू? माझ्यासाठी तरी हो म्हणा." आणि मान वर केली तर बाबांचे डोळे छताकडे गेलेले. वर. हो.

तिसऱ्यांदा जे म्हणतील ते खरं. माझ्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. चारला डॉक्टर आल्या, मी सांगितलं, "हो म्हणाले." किती वेळा विचारलं हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

महिन्याभराने श्वासाचं यंत्र सुटलं, गळ्यातली नळी राहिली, आणि बाबा घरी आले. आमच्या इमारतीची लिफ्ट चार माणसांची. त्यात स्ट्रेचर मावेना, म्हणून चौघांनी त्यांना चादरीसकट जिन्यावरून वर आणलं. एकदा वर आणल्यावर परत खाली न्यायचं म्हणजे तीच कसरत, त्यामुळे बाबा त्यानंतर खाली उतरलेच नाहीत. हॉलमध्ये पलंग, शेजारी नळीतली थुंकी ओढून घ्यायचं यंत्र, समोर भिंत. दर दोन तासांनी कूस बदलायची. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली. दळणाला जायचं तरी घड्याळ बघून जायचं. भाजीवाल्याकडे दोन माणसं पुढे असली की मी भाजी न घेताच परत फिरायची, कारण बाबांना ठसका लागला तर हाक मारता येत नाही. कधी कधी मी बाल्कनीत उभी राहून खालच्या रस्त्याने चालणाऱ्या माणसांचा राग राग करायची. कुणीही, कुठेही चाललेलं, मला चालायचं नाही. आणि मग आत येऊन, ज्यांना मान वळवता येत नाही त्या माणसाच्या डोळ्यांवरची माशी हाकलायची.

दिवसा मदतीला चामराजपेटेतल्या एक बाई यायच्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथल्याच, घरात मराठी, पण निम्मी कन्नडात बुडवलेली. त्या बाबांना अण्णा म्हणत आणि मला अक्का. मीही त्यांना अक्का म्हणायची. दोन अक्का एकमेकींना हाका मारताहेत हे ऐकून बाबांच्या डोळ्यांत हसू यायचं. हो, डोळ्यांत हसू येतं. कुठल्या स्नायूने येतं ते मला विचारू नका.

मी पुठ्ठ्यावर मुळाक्षरांचा तक्ता केला. नजर खाली केली की दिसेल असा तो बाबांच्या छातीशी धरायचा. एकेका ओळीवर बोट ठेवायचं, बरोबर ओळ आली की बाबा डोळे वर करणार, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून द्यायच्या, नाहीतर एका शब्दाला दुपार जायची. मला धीर कमी. दोन अक्षरं आली की मी पुढचा शब्द स्वतःच म्हणून टाकायची, आणि चुकला की बाबा पापण्या अशा आपटायचे, की दार आपटल्यासारखं वाटायचं.

तक्त्यावरचं त्यांचं पहिलं वाक्य पुण्याच्या आत्यासाठी होतं. आत्या भावाला भेटायला आली, पलंगाशी बसली आणि डोळे पुसत मला म्हणाली, "बघ, अंगात काडीचं त्राण नाही आणि जाणीव कशी लख्ख आहे. देह वेगळा आणि आत्मा वेगळा, याला आणखी पुरावा काय पाहिजे? बिचारा अडकलाय गं आतमध्ये."

बाबांनी तक्त्याकडे पाहिलं. मी बोट फिरवलं. त, र, त, ट, ल.

"तार तुटली," मी वाचलं. डोळे वर. मग आणखी, व, र, ठ, क. वर ठीक.

पाच-सात मिनिटं लागली असतील, पण उत्तर पुरेपूर होतं. जाणीव लख्ख आहे कारण मेंदूचा वरचा भाग लख्ख आहे. तिथे जखम झाली असती तर जाणीवच गेली असती. तुटलं ते फक्त हुकूम खाली नेणारं. द्वैतवाद्यांना याहून चांगला पुरावा मिळणार नाही असं वाटतं तिथेच भौतिकवादी शांतपणे नकाशा काढून दाखवतो, हे मी इतकी वर्षं शिकवलं, पण ज्याच्या अंगावर तो नकाशा काढलाय तोच सांगतो आहे, असं कधी ऐकलं नव्हतं. आत्याला काही कळलं नाही. मला मात्र हसू आवरेना. जाताना ती प्रवचनांच्या रेकॉर्डिंगचा एक पेनड्राइव्ह ठेवून गेली. बाबांना आयुष्यभर प्रवचनांचा तिटकारा.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. हॉलमधून अक्कांचा आवाज आला, "अण्णा, रेडिओ लावू?" मग काही नाही. बाहेर येऊन पाहिलं तर अक्का खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या आणि बाबा छताकडे बघत पडले होते. मला राग आला.

"रेडिओ लावला नाहीत?"

"नको म्हणाले की हो, अक्का."

"मग परत विचारायचं. दिवसभर नुसतं छताकडे बघत पडायचं का त्यांनी?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. "नको म्हणाले, मग परत कशाला? सुम्ने, उगाच त्रास की हो त्यांना. पापणी मिटायला पण जोर लागतो. पाहिजे असलं तर अण्णा पहिल्यालाच वर बघतात."

चामराजपेट, मी मनात म्हटलं, आणि तणतणत आत गेले. पण त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. अक्का म्हणत होत्या ते खरं होतं. त्यांच्याशी बाबा एका झटक्यात बोलायचे. हवं तर वर, नको तर मिटलं, विषय संपला. आणि माझ्याशी? पंखा वाढवू? मिटलं. थोडा वाढवू? मिटलं. अहो, किती उकडतंय, वाढवतेच! वर. खिडकी? मिटलं, मिटलं, वर. दर वेळी तोच क्रम. मला आजवर वाटत होतं की हा आपल्या घरचा खेळ आहे, आईच्या पळीचा. बाबा लटके नको म्हणतात आणि मी त्यांच्या मनातलं ओळखते.

मग मी एक गोष्ट केली. बाबांची मुलगी आहे, तपासणी कशी करायची ते मला माहीत आहे. आत्याचा पेनड्राइव्ह हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, प्रवचन लावू?"

मिटलं.

"लावते ना थोडा वेळ?"

मिटलं, घट्ट.

"आत्याने एवढं प्रेमाने दिलंय. लावू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे सावकाश वर गेले.

मी आत जाऊन पेनड्राइव्ह ओट्यावर टाकला आणि कितीतरी वेळ नळ सोडून उभी राहिले. मला माहीत होतं आता काय विचारायचं आहे, आणि तीन दिवस माझी हिंमत झाली नाही. बाबांची कूस बदलताना, तोंड पुसताना, मी त्यांच्या डोळ्यांकडे बघणं टाळत होते. चौथ्या दिवशी अक्का बाजारात गेल्यावर मी तक्ता घेऊन बसले.

"बाबा, हॉस्पिटलात मी नळ्यांचं विचारलं. दोनदा नाही म्हणालात. तिसऱ्यांदा हो का म्हणालात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तक्त्याकडे. अक्षरं एकेक करून आली आणि या वेळी मी मध्ये एकही शब्द घातला नाही.

तू थांबत नव्हतीस.

मला भयंकर राग आला. स्वतःचा नाही, आधी त्यांचाच. म्हणजे आठ महिने मी जे जिन्याने वर चढवलं, पुसलं, उपसलं, ते सगळं मी थांबावं म्हणून? तिसऱ्यांदाही नाही म्हणता आलं नाही का तुम्हाला? मी ओरडले, त्यांच्या अंगावर ओरडले, आणि ज्याला तोंड फिरवता येत नाही अशा माणसावर ओरडण्यात काय असतं ते मला तेव्हा कळलं. मग ओरडणं संपलं आणि मी म्हटलं, "मला वाटलं, आतून तुम्हाला जगायचंय. वरवर नाही म्हणताय, पण आतून..."

बाबांनी नजरेनेच तक्ता मागितला. चारच अक्षरं.

आत कोण?

द्वैतवादाला भौतिकवादाने दिलेली उत्तरं मला पाठ आहेत. हे त्यांतलंच एक आहे, काही नवीन नाही. मी आत्याला हसले होते. तिचा आत्मा निदान देवाघरचा तरी होता. मी माझ्या सोयीने बाबांच्या आत एक दुसरे बाबा बसवले होते, जे कधी बोलत नाहीत आणि म्हणून माझ्याच मनासारखं बोलतात. आणि त्यांच्या जोरावर, समोर पापण्या मिटून नाही म्हणणारा माणूस मी खोटा पाडला. तो थकलेला होता, औषधांत होता, घाबरलेलाही असेल, पण तिथे तोच एक होता. दुसरा कुणी नव्हता.

"आता काय करू?" मी विचारलं.

एकदाच विचार, बाबांनी सांगितलं. मी कबूल केलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले असं म्हणता येणार नाही. मी एकदा विचारायची आणि उत्तर येईल ते करायची. जीभ दर वेळी दुसऱ्या प्रश्नासाठी सुटायची आणि मी ती दातांखाली धरायची. काही दिवसांतच बाबा माझ्याशीही पहिल्यालाच वर बघायला लागले. रेडिओवरच्या सामन्याला ते हो म्हणायचे, पडवळाच्या वासाला नाही. जगवल्याबद्दल माझा राग येतो का, हे मात्र मी विचारलं नाही. एकदासुद्धा नाही. ज्या प्रश्नाचं पहिलंच उत्तर धरून बसावं लागणार, तो विचारायची मला भीती वाटली.

डिसेंबरात बाबांच्या छातीत कफ दाटला. ताप चढला, श्वासाला घरघर लागली. सकाळी दहाला मी डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलात आणा, परत श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल, त्यातून या वेळी निभावेलही. न आणायचं असेल तर घरी ऑक्सिजन आणि आराम पडेल अशी औषधं पाठवते, पण मग पुढे काय ते तुम्हाला माहीत आहे. अक्का पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. मी बाबांजवळ बसले. काही गोड केलं नाही आणि काही लपवलं नाही. रडू येत होतं ते येऊ दिलं, पण तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.

"बाबा, हॉस्पिटलात जायचं?"

पापण्या मिटल्या. उघडल्या.

"नाही म्हणाले," मी फोनमध्ये सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, "ताप आहे ना, कदाचित नीट कळलं नसेल. आणखी एकदा विचारून बघा, मॅडम."

आणि मला विचारायचं होतं. देवाशप्पथ सांगते, आयुष्यात काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं. आईचा नियम डोक्यात वाजत होता. पहिला सवयीचा. हासुद्धा जेवतानाचाच नको असला तर? भुकेल्या माणसाच्या पुढून मी पातेलं उचलते आहे का? बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी नजर तक्त्याकडे नेली. मी बोटाने ओळी दाखवल्या.

प. र. त.

"परत?" मी वाचलं.

परत विचारणार का, हेच बाबा मला विचारत होते, आणि वाट बघत होते. फोनमध्ये डॉक्टर वाट बघत होत्या.

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "विचारलंय. एकदा."

बाबांनी डोळे वर नेले, आणि मला दिसेपर्यंत तिथेच ठेवले.